वजा, बडतर्फ, खारीज: 'डिसमिस' झाल्यावर सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली माणसं मला नोटिसा वाचायला आणून देतात. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, माणूस मराठीत विचार करत असतो, आणि मधल्या मधे मुदत निघून जाते. त्यातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नोकरीचे प्रश्न आधी, कोर्टाचे नंतर. ज्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कंपनीच्या कन्नड पत्रात 'वजा' असं लिहिलंय. पगारातून काही वजा केलंय का?

नाही. तुम्हाला कामावरून काढलं आहे. मराठीत वजा म्हणजे वजाबाकी, पण कन्नडमध्ये 'केलसदिंद वजा' म्हणजे नोकरीतून बडतर्फ. कोर्टाच्या कागदावर 'अर्जि वजा' असेल तर अर्ज फेटाळला. 'वजागोळिसलागिदे' हा शब्द दिसला की तो कागद त्याच दिवशी जाणत्या माणसाला दाखवा.

असे आणखी दोन शब्द आहेत. कन्नडमधला 'अमानत्तु' म्हणजे निलंबन. त्याचा ठेवीशी किंवा अनामतीशी संबंध नाही. 'खुलासे' म्हणजे खटल्यातून निर्दोष सुटका. आपल्याकडे खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. 'राजीनामे' मात्र राजीनामाच. हे शब्द जुन्या फारसी-अरबी कारभारातून दोन्ही भाषांत आले आणि पुढे त्यांचे अर्थ वेगळे झाले.

माझ्या वडिलांना एका कारखान्यातून असं पत्र आलं होतं. 'अमानत्तु' वाचून त्यांना वाटलं, कामाला लागताना भरलेली अनामत परत मिळणार. पत्र त्यांनी जपून ट्रंकेत ठेवलं. चौकशीची तारीख त्याच पत्रात होती, ती टळून गेली. हे पान लिहायला बसलो त्यामागे ते पत्र आहे.

2. डिसमिस, टर्मिनेट, सस्पेंड, रिट्रेंच: सगळ्याचा अर्थ घरी बसवलं असाच ना?

घरी बसलेल्याला फरक जाणवत नाही, पण कायद्याला जाणवतो. बडतर्फी ही शिक्षा आहे. त्यासाठी आरोप हवा, दोषारोपपत्र हवं, चौकशी हवी आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी हवी. कपात (रिट्रेंचमेंट) ही शिक्षा नाही. काम कमी झालं, मशीन आली, म्हणून माणूस कमी केला. त्यात आरोप नसतो, पण पैसे द्यावे लागतात: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 'टर्मिनेशन' हा नुसता वरचा शब्द आहे, आत काय आहे ते पत्र वाचूनच कळतं. निलंबनात नोकरी जात नाही (प्रश्न 3).

सरकारी नोकरीत आणखी एक बारीक भेद आहे. कर्नाटक सरकारच्या 1957 च्या सेवा नियमांत 'रिमूव्हल' आणि 'डिसमिसल' या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. दोन्हींत नोकरी जाते. पण पहिलीत पुढे सरकारी नोकरीचं दार बंद होत नाही, दुसरीत ते सहसा बंद होतं. आदेशात कुठला शब्द आहे ते नीट पाहा.

3. निलंबनाच्या काळात पगार मिळतो का?

निर्वाह भत्ता मिळतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार (हा नवा कामगार कायदा, प्रश्न 7) पहिले 90 दिवस निम्मा पगार, आणि चौकशीला उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर त्यापुढे 75 टक्के. भत्ता थांबवून चौकशी उरकली तर ती चौकशीच कच्ची ठरू शकते. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये हेच म्हटलं: ज्याच्या हाती चौकशीला यायला पैसे नव्हते, त्याच्या गैरहजेरीत केलेली चौकशी न्याय्य नाही.

4. मालकाने तोंडीच सांगितलं, 'उद्यापासून येऊ नको'. पत्र दिलंच नाही. मग मी डिसमिस झालो का?

झालात, पण ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येऊन पडलं. पुढे मालक हमखास म्हणतो, 'आम्ही काढलं नाही, तोच यायचा बंद झाला.' म्हणून दुसऱ्याच दिवशी ठरल्या वेळी गेटवर जा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी साधं पत्र लिहा: अमुक तारखेला मला कामावर घेतलं नाही, मी आजही कामाला तयार आहे. ते स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पावती ठेवा. व्हॉट्सॲपवरही तेच पाठवा, पण फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

किती दिवस काम केलं याचा पुरावाही आत्ताच गोळा करा. कपातीचे हक्क मिळायला आधीच्या 12 महिन्यांत 240 दिवस काम भरावं लागतं. आपल्याच राज्याच्या वनखात्यातल्या एका प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे 240 दिवस दाखवण्याची जबाबदारी कामगाराची आहे आणि नुसतं शपथपत्र पुरेसं नाही. पगाराच्या पावत्या, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, बँकेतल्या नोंदी, हजेरीचा मोबाईलवर काढलेला फोटो, यांतलं जे असेल ते जपा. उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोख पगार घेणाऱ्यांनी तर जास्तच.

5. गावी यात्रेला गेलो, आजारी पडलो, दहा दिवस कामावर गेलो नाही. आता म्हणतात, 'नाव कमी झालं, ही डिसमिस नाही, तू स्वतःच नोकरी सोडलीस.'

हे कायद्यात टिकायला अवघड आहे. स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवानियमांत) 'आठ दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नाव आपोआप कमी' असं कलम असलं, तरी बाजू ऐकून न घेता ते लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1993 चा निकाल आहे. मात्र गैरहजेरी हे गैरवर्तन ठरू शकतं. परतताना डॉक्टरचा दाखला बरोबर घ्या. दाखल्यावरची तारीख आजाराची असू दे, परतल्यानंतरची नको.

6. राजीनामा लिहून घेतला. आता काही करता येईल का?

सही झाली की काम अवघड होतं, अशक्य होत नाही. दबावाने घेतलेला राजीनामा खरा राजीनामा नव्हे, पण दबाव दाखवावा लागतो. तो स्वीकारल्याचं पत्र हाती पडण्याआधी लेखी मागे घेतलात तर बाजू पुष्कळ भक्कम राहते. सही करून दोन महिने गप्प राहिलात तर ती शांतताच तुमच्याविरुद्ध बोलते.

7. दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत? एका मराठी पानावर 90 दिवस लिहिलंय, दुसऱ्यावर 30.

सीमाभागातल्या मराठी वाचकाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. मराठीत मिळणारी बहुतेक माहिती महाराष्ट्राच्या कायद्यांची असते. ते 90 दिवस महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यातले आहेत. ते 30 दिवस महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1977 च्या कायद्यातले आहेत. बेळगावात हे दोन्ही कायदे चालत नाहीत. आपण मराठीत वाचतो, पण आपल्याला लागू होतो तो केंद्राचा आणि कर्नाटकाचा कायदा.

कारखान्यातल्या कामगाराने कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्याकडे) अर्ज करायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावला. जुन्या कायद्यात बडतर्फीनंतर थेट कामगार न्यायालयात जायला 3 वर्षांची मुदत होती. आता 2 वर्षं उलटलेल्या वादात समेट अधिकारी हात घालू शकत नाही. समेट झाला नाही तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. 'तीन वर्षं आहेत, बघू' असं अजूनही कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना 18,000 रुपयांहून जास्त पगार घेणारे देखरेखीचे कर्मचारी संहितेच्या व्याख्येत 'कामगार' नाहीत. त्यांची वाट बहुधा दिवाणी कोर्टाची.

खडेबाजार, गणपत गल्लीतल्या दुकानांत काम करणाऱ्यांसाठी कर्नाटकाचा 1961 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. सलग सहा महिने काम झालेल्या माणसाला वाजवी कारणाशिवाय आणि एक महिन्याच्या नोटिशीशिवाय (किंवा तेवढ्या पगाराशिवाय) काढता येत नाही. गैरवर्तन चौकशीत सिद्ध झालं असेल तर नोटीस लागत नाही. हा कायदा फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

खासगी शाळेतल्या शिक्षकांना, मराठी माध्यमाच्या शाळांतल्याही, कर्नाटक शिक्षण कायदा, 1983 लागू. आदेश हाती पडल्यापासून तीन महिन्यांत शैक्षणिक अपील न्यायाधिकरणात अपील. तिथे जिल्हा न्यायाधीश बसतात.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी खात्यात अपील करायचं, मग कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याचं पीठ बेळगावातही आहे. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. त्यांना संविधानाच्या कलम 311 चं संरक्षण आहे: नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही, आणि चौकशी हवीच. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी घेणं व्यवहारात शक्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेवढेच अपवाद.

या सगळ्यांच्या वर उच्च न्यायालय. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाडला. 2013 पासून तिथलं पीठ कायमचं आहे. त्यासाठी बेंगळुरूची गाडी पकडू नका.

8. राहतो निपाणीत, कामाला कागलच्या एमआयडीसीत. माझ्यासाठी कुठला कायदा?

काम जिथे होतं आणि जिथून काढलं, ते राज्य. म्हणजे तुमच्यासाठी महाराष्ट्र, कोल्हापूरची कार्यालयं, आणि तुमच्यापुरते प्रश्न 7 मधले ते 90 दिवस खरे. तुमचं उच्च न्यायालयही आता जवळ आलं आहे: मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं फिरतं पीठ (सर्किट बेंच) ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. खानापूरहून गोव्याला कामाला जाणाऱ्यांनाही हाच नियम: तक्रार गोव्यात. घराचा पत्ता, रेशनकार्ड कुठलं, याने यात फरक पडत नाही.

9. चौकशी सगळी कन्नडमध्ये चालली. मला समजलंच नाही. ती रद्द होईल का?

आपोआप होणार नाही. न्यायाचं तत्त्व असं की आरोप त्या माणसाला समजले पाहिजेत आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. पण तुम्ही चौकशीत गप्प बसून प्रत्येक पानावर सही केली असेल, तर वर जाऊन 'भाषा कळली नाही' हे पटवणं कठीण. पहिल्याच दिवशी लेखी मागा: दोषारोपपत्राचा मराठी अनुवाद द्या, किंवा दोन्ही भाषा येणारा सहकारी मदतीला बसू द्या. नाकारलं तर ते नाकारणंच तुमच्या कामाला येतं. सही करावीच लागली तर सहीखाली मराठीत लिहा, 'मजकूर मला वाचून व समजावून दिलेला नाही'. ही मागणी कुठल्या भाषेच्या विरोधात नाही. बेंगळुरूहून आलेला कन्नड कामगार कोल्हापुरात याच अडचणीत असेल तर त्यालाही हेच सांगेन.

10. पोलीस केसमधून कोर्टाने निर्दोष सोडलं. आता नोकरी परत मिळायलाच हवी ना?

नेहमीच नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढं पुरतं. त्यामुळे कोर्टात सुटका आणि नोकरीत शिक्षा असं दोन्ही होऊ शकतं. पण दोन्हीकडे आरोप, साक्षीदार आणि पुरावे तेच असतील, आणि कोर्टाने संशयाचा फायदा म्हणून नव्हे, आरोपच खोटा ठरवून सोडलं असेल, तर बडतर्फी टिकवणं कठीण जातं. निकालाची शेवटची पानं वाचा. सुटका कुठल्या शब्दांत झाली ते तिथेच कळतं.

11. डिसमिस केल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटी बुडते का?

पीएफ नाही. तुमचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से तुमचेच.

ग्रॅच्युइटी बहुतेक वेळा मिळते. नुकसान केलं म्हणून काढलं असेल तर त्या नुकसानीपुरतीच कापता येते. हाणामारी, दंगा किंवा नोकरी करताना केलेलं नैतिक अधःपतनाचं कृत्य, या कारणांनी काढलं असेल तर पूर्ण किंवा काही भाग जप्त करता येतो. त्यासाठी आधी फौजदारी शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं. राहिलेला पगार, कारण काहीही असो, वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. 'आधी नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आण' म्हणून महिनाभर फिरवणं या मुदतीत बसत नाही.

12. बडतर्फी बेकायदा ठरली, तर मधल्या वर्षांचा पगार मिळेल का?

मिळू शकतो. चुकीच्या बडतर्फीत मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम, असं 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. त्यासाठी अर्जातच 'या काळात मला दुसरीकडे नोकरी नव्हती' हे लिहायला हवं. हे वाक्य अनेकांच्या अर्जात नसतं. मधल्या काळात पोटासाठी कुणाच्या शेतात रोजंदारी केली असेल तर तेही खरं सांगा. लपवलेलं उलटतपासणीत निघालं की सगळी बाजू ढासळते.

13. आता कोर्टाचं. जमिनीची केस 'डिसमिस' झाली असं मोबाईलवर दिसतं. आम्ही हरलो का?

कशी डिसमिस झाली ते पाहा. त्या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात.

पुरावा होऊन, युक्तिवाद ऐकून दावा फेटाळला असेल तर हो, त्या कोर्टात हरलात. त्याच वादावर पुन्हा दावा लावता येत नाही. उपाय फक्त अपील. जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच द्या.

तारखेला कुणी हजर नव्हतं म्हणून दावा काढून टाकला असेल, तर गुणदोषांवर कोर्टाने अजून काहीच ठरवलेलं नाही (प्रश्न 14).

वादपत्रच (दाव्याचा मूळ अर्ज) नाकारलं असेल, म्हणजे कोर्ट फी कमी, दाव्याला कारणच दिसत नाही किंवा कायद्याने तो चालतच नाही, तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत नवा दावा लावता येतो. नाकारण्यावर अपीलही करता येतं.

आणि तुमच्याच वकिलाने दावा मागे घेतला असेल तर 'पुन्हा दाखल करण्याची मुभा' कोर्टाने दिली आहे का, हे आदेशात शोधा. ती नसेल तर दार बंद. मोबाईलवरच्या एका ओळीवरून घरात रडारड करू नका आणि निश्चिंतही होऊ नका. प्रमाणित नक्कल काढा.

14. एका तारखेला गेलो नाही आणि दावा उडाला. परत उभा राहील का?

राहील, पण 30 दिवसांत अर्ज हवा आणि गैरहजेरीचं पुरेसं कारण हवं. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर दावा पुन्हा उभा करायचा अर्ज देता येतो किंवा मुदत शिल्लक असल्यास नवा दावाही लावता येतो. समोरचा हजर होता आणि फक्त तुम्ही नव्हता, तर नवा दावा लावता येत नाही. तो अर्ज हीच एक वाट. तोही फेटाळला तर त्यावर अपील आहे. 30 दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि मग एकेका दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. 'वकील बोलले, यायची गरज नाही' हे कारण मी अनेकदा ऐकलं आहे. पुढची तारीख वकिलाकडूनच नव्हे, स्वतः ई-कोर्टच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (केसचा ओळख क्रमांक) टाकून पाहायची सवय लावा.

15. चेक बाउन्सची माझी तक्रार होती. मी गैरहजर, आणि कोर्टाने आरोपीला सोडलं. प्रश्न 14 सारखा अर्ज देऊ का?

नको, चालणार नाही. तिथे तुमची तक्रार नुसती काढून टाकलेली नसते, आरोपीची निर्दोष सुटका झालेली असते, आणि स्वतः दिलेली सुटका मॅजिस्ट्रेटला मागे घेता येत नाही. वरच्या कोर्टातच जावं लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात) एक दिलासा आहे: अशी सुटका करण्याआधी तक्रारदाराला हजर राहायला 30 दिवस द्यायचे आहेत. ते दिले होते का, हे रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदींत) तपासा.

16. सर्वोच्च न्यायालयाने आमची याचिका एका ओळीत फेटाळली. म्हणजे उच्च न्यायालयाचं म्हणणं त्यांनी मान्य केलं?

तसं नाही. विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली, तर अर्थ एवढाच की अपीलाची परवानगी दिली नाही. खालचा निकाल त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होत नाही. 2000 सालच्या निकालात हे स्पष्ट झालं आहे. उच्च न्यायालयात पुनर्विलोकनाचा (त्याच कोर्टाने निकाल पुन्हा तपासावा असा) अर्ज द्यायला तेवढ्याने अडथळा येत नाही.

17. सीमाप्रश्नाचा दावा डिसमिस झाला असं कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं. त्यावर माझी नोकरीची केस अवलंबून आहे का?

महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेला तो दावा प्रलंबित आहे, फेटाळलेला नाही. त्याचा तुमच्या बडतर्फीशी संबंध नाही. आज तुमच्या कारखान्याला, शाळेला, दुकानाला जो कायदा लागू आहे त्याचीच मुदत चालू आहे, आणि ती त्या दाव्यासाठी थांबत नाही.

18. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारात असतं. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. बडतर्फ झालेला कारखान्यातला कामगार या यादीत सरळ बसतो. हे त्याला क्वचितच कुणी सांगतं. फोन 15100. जाताना बडतर्फीचं पत्र, ते आलं तो लिफाफा (टपालाच्या शिक्क्यावरची तारीख मुदत मोजायला लागते), शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराचा कुठलाही पुरावा आणि आधारकार्ड घेऊन जा. अर्ज मराठीत लिहून नेलात आणि 'कन्नडमध्ये द्या' असं कुणी म्हटलं, तर परत घरी येऊ नका. तिथल्याच स्वयंसेवकाकडून लिहून घ्या आणि त्याच दिवशी दाखल झाल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या.